शंभर पोरांची टीम आणि कॉलेजचा हिशोब

अमेरिकेत २०२३ ते २०२५ मध्ये जी लहान कॉलेजं बंद पडली त्यातली चारच नावं घेतो. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला हॅनकॉक गावातली फिनलँडिया युनिव्हर्सिटी, फुटबॉल टीम सुरू केली २०१५ ला, कॉलेज बंद २०२३ ला. वेस्ट व्हर्जिनियातलं आल्डरसन ब्रॉडस, फुटबॉल परत आणला २०१३ ला, बंद २०२३. साउथ कॅरोलायनातलं लाइमस्टोन, फुटबॉल २०१४, बंद २०२५. आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न, १८५६ पासूनचं जुनं कॉलेज, २००७ ला फुटबॉल पुन्हा सुरू आणि २०२४ च्या मे महिन्यात गेटला कुलूप. हे एकाखाली एक वाचलं की कोणालाही वाटेल फुटबॉलनेच कॉलेज खाल्लं, आणि तसं छातीठोकपणे सांगणारे ऑनलाइन ढिगाने सापडतात.

मला ते पटत नाही. फुटबॉल महाग आहे यात वादच नाही, पण ही कॉलेजं फुटबॉलमुळे आजारी पडली नव्हती, आजारी होती म्हणून त्यांनी फुटबॉल आणला. पोरं मिळत नव्हती, वर्ग रिकामे होते, तेव्हा कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं की टीम काढा, एका फटक्यात शंभर ॲडमिशन येतील. म्हणजे माझ्या मते लहान कॉलेजातला फुटबॉल हा खेळ म्हणून चालवलाच जात नाही, तो ॲडमिशन ऑफिसचा खर्च आहे आणि तो खेळाच्या नावाखाली लिहिला जातो. म्हणून "परवडतो का" या प्रश्नाला कोणाकडेच सरळ उत्तर नसतं.

(फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो, मेस्सीचा नाही. सगळा लेख अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दल आहे.)

आपल्याकडे टीव्हीवर किंवा रील्समध्ये जे दिसतं, लाख लाख माणसांची स्टेडियमं, कोट्यवधी पगाराचे कोच, ते सगळं वरच्या थरातलं. एनसीएए नावाची जी संघटना कॉलेजचे खेळ चालवते तिच्यात तीन पायऱ्या आहेत. डिव्हिजन वन म्हणजे ओहायो स्टेट, मिशिगन, अलाबामा ही मंडळी. डिव्हिजन टूमध्ये फुटबॉलसाठी एका कॉलेजला फक्त ३६ पूर्ण स्कॉलरशिपएवढे पैसे देता येतात आणि ते शंभर पोरांत वाटून टाकतात, कोणाला पाव कोणाला अर्धी. आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, एक डॉलरही नाही. नियम तसा आहे. आता गंमत बघा, खेळासाठी देता येत नाही पण "मेरिट स्कॉलरशिप" म्हणून, "प्रेसिडेंट्स अवॉर्ड" म्हणून, गरजेनुसार मदत म्हणून देता येतं, आणि ते फुटबॉलवाल्यालाच काय, आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळतं. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाला येणाऱ्या पोरांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते हे आता उघड गुपित आहे. साडीच्या दुकानात बारा महिने सेलची पाटी असते तसलाच प्रकार, फक्त इथे पाटीवर "स्कॉलरशिप" लिहिलेलं असतं आणि आईबाप फोटो काढून फेसबुकवर टाकतात.

मग फुटबॉलच का, बास्केटबॉल का नाही? कारण बास्केटबॉलला पंधरा-वीस पोरं लागतात. फुटबॉलला मैदानात अकरा, पण अटॅकचे अकरा वेगळे, डिफेन्सचे वेगळे, किक मारणारे वेगळे, प्रत्येक जागेला बदली, बदलीला बदली, असं करत रोस्टर म्हणजे टीमची यादी शंभराच्या पुढे आरामात जाते. आठशे-हजार पोरांच्या कॉलेजात शंभर म्हणजे केवढी मोठी गोष्ट. त्यात ही सगळी मुलं, आणि अमेरिकेत कॉलेजला येणाऱ्यांत मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त झालंय, लहान खासगी कॉलेजांत तर आणखीच, त्यामुळे मुलगे आणायचा दुसरा एवढा सोपा उपाय कोणाकडे नाहीये. मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजने २००५ नंतर हा फॉर्म्युला इतका जोरात वापरला, नवीन टीम, नवी मैदानं, प्रत्येक कोचला किती पोरं आणायची याचा आकडा, की काही वर्षांत विद्यार्थीसंख्या दुपटीच्या आसपास गेली. त्यांच्या प्रेसिडेंटनी यावर पुस्तकही लिहिलं. झालं, मग प्रत्येक अडचणीतल्या कॉलेजला तोच मार्ग दिसायला लागला. आपल्याकडे एका गावात एक इंजिनिअरिंग कॉलेज चाललं की पुढच्या चार वर्षांत आजूबाजूला सहा उभी राहिली आणि मग सगळ्यांच्याच सीट रिकाम्या राहिल्या, ते आपण बघितलंय.

आता हिशोब करून बघू. आकडे मी धरलेले आहेत, कुठल्या एका कॉलेजचे नाहीत. छापील फी वर्षाला ४०,००० डॉलर धरा. सूट ५५ टक्के गेली की हातात राहिले १८,०००. शंभर पोरं म्हणजे १८ लाख डॉलर. फुटबॉलचा खर्च, म्हणजे कोच, प्रवास, सामान वगैरे, सहा लाख धरू. ट्रस्टींसमोर स्लाइड येते, बारा लाख डॉलर फायदा. सगळे माना डोलावतात. ही स्लाइड खोटी नाहीये, पण तिच्यात जे नाही ते बघायला पाहिजे.

पहिलं म्हणजे या शंभरातली किती पोरं तशीही आली असती? गावातलीच, बापही त्याच कॉलेजचा, घरापासून वीस मिनिटांवर. टीम नसती तरी त्यातली काही आलीच असती, पण स्लाइडवर ती सगळी फुटबॉलच्या खात्यात. दुसरं म्हणजे किती टिकतात. पहिल्या वर्षाला पन्नास पोरं आणली, हायस्कूलमध्ये सगळे आपापल्या गावचे हिरो, आणि इथे आल्यावर ऑगस्टच्या उन्हात कळतं की आपण पाचव्या नंबरचे बदली खेळाडू आहोत आणि चार वर्षांत मैदानात पाय ठेवायला मिळेल की नाही शंका आहे. नाताळच्या सुट्टीत घरी गेलेली त्यातली काही परत येतच नाहीत. मग पुढच्या वर्षी पुन्हा पन्नास शोधा. म्हणून कोच हा वर्षातले तीन महिने कोच आणि बाकीचे नऊ महिने सेल्समन असतो, हायस्कूलं पालथी घालतो, फोन करतो, पोरांच्या आईशी बोलतो (आई राजी झाली की काम झालं, हे कुठलाही कोच सांगेल). तिसरं म्हणजे या पोरांना डॉर्ममध्ये खोल्या लागतात, मेसमध्ये जेवण लागतं आणि ती साधं जेवत नाहीत, ट्यूशन सेंटर लागतं, सल्लागार लागतात. हा खर्च फुटबॉलच्या खात्यात पडतच नाही, कॉलेजच्या जनरल खात्यात पडतो.

मी ओहायोत राहतो आणि जवळच्या एका लहान कॉलेजच्या मॅचेसना अधूनमधून जातो, तिकीट स्वस्त असतं आणि पार्किंग फुकट. शनिवारी दुपारी एकला मॅच. स्टँडमध्ये बहुतेक सगळे खेळाडूंचेच आईबाप, आजी-आजोबा, पाठीवर पोराचा नंबर छापलेले टी-शर्ट, विद्यार्थी तुरळक. एकदा ओळखीच्या माणसाबरोबर सामानाची खोली बघायला मिळाली आणि तिथे खरं डोकं गरगरलं. एका भिंतीवर नुसती हेल्मेटं, शंभराच्या वर, एकेक बऱ्यापैकी हेल्मेट काही शे डॉलरचं. शोल्डर पॅड वेगळे, घरच्या मॅचची जर्सी वेगळी, बाहेरची वेगळी, प्रॅक्टिसची तिसरी. सीझन संपला की हेल्मेटं गाठोडी बांधून तपासणी आणि दुरुस्तीला कंपनीकडे पाठवतात, त्याचं बिल वेगळं. कोपऱ्यात दोन मोठी वॉशिंग मशीनं सारखी फिरतायत आणि एक माणूस, एकच, त्या सगळ्याचा मालक. शेजारच्या खोलीत टेपच्या थप्प्या, प्रॅक्टिसच्या आधी पोरं रांगेत उभी राहून घोटे बांधून घेतात, आणि तो टेप संध्याकाळी कापून कचऱ्यात. दुखापती बघणारा ट्रेनर नसेल तर प्रॅक्टिस घेणं धोक्याचं, डोक्याला मार लागला तर पोराला बाहेर ठेवून तपासायचे ठरलेले नियम आहेत, त्यासाठी माणसं लागतात, विमा लागतो. मैदान खरं गवत असेल तर नोव्हेंबरमध्ये चिखल, म्हणून आता सगळ्यांनी कृत्रिम टर्फ टाकलंय, ते दहा लाख डॉलरच्या घरात जातं आणि दहा-बारा वर्षांत उचकटून नवीन टाकावं लागतं. आणि हे सगळं सीझनच्या दहा मॅचेससाठी, त्यातल्या घरी साधारण पाच. पाच शनिवार!

आणखी एक खर्च, ज्याबद्दल फुटबॉलवाले तोंड वाकडं करून बोलतात. १९७२ चा टायटल नाइन कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजात मुलामुलींना समान संधी पाहिजे, आणि खेळात ती मोजायचा एक मार्ग म्हणजे कॉलेजात मुली जितके टक्के तितकेच खेळाडूंत असाव्यात. आता ज्या कॉलेजात मुली आधीच जास्त आहेत तिथे तुम्ही शंभर मुलगे खेळाडू म्हणून आणले तर तराजू लगेच एका बाजूला झुकतो. मग मुलींची लॅक्रॉस टीम काढा, कुस्ती काढा, प्रत्येकीला कोच, बस, जर्सी. मुलींच्या टीम निघतात हे चांगलंच आहे, मी त्याच्या विरुद्ध अजिबात नाही, उलट त्यांच्या टीम फुटबॉलपेक्षा स्वस्तात पोरी आणतात. पण फुटबॉलची स्लाइड बनवताना तो खर्च धरत नाहीत आणि दोन वर्षांनी बजेट कोसळलं की दोष कायद्याला देतात, हे मात्र डोक्यात जातं.

आता कोणी म्हणेल की कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे अब्जावधी डॉलर फिरतात त्यातलं काहीतरी खाली झिरपत असेलच. झिरपत नाही. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने टीव्हीचे हक्क एनसीएएच्या हातातून काढले आणि मोठ्या कॉलेजांना आपापले सौदे करायला मोकळीक मिळाली, तेव्हापासून फुटबॉलचा पैसा वरच्या थरातच फिरतो. एनसीएएला स्वतःला जो पैसा मिळतो तो मुख्यतः मार्चमधल्या बास्केटबॉल स्पर्धेचा, आणि त्यातला ४.३७ टक्के डिव्हिजन टूला, ३.१८ टक्के डिव्हिजन थ्रीला, अख्ख्या डिव्हिजनला, एका कॉलेजला नाही. त्यातून स्पर्धा वगैरे चालतात, तुमच्या हेल्मेटचं बिल भागत नाही. डिव्हिजन वनमध्ये राहिलेली लहान कॉलेजं पैसे घेऊन मोठ्यांच्या मैदानावर खेळायला जातात आणि मार खाऊन कमावतात, हा शब्दशः अर्थ घ्या. सव्हाना स्टेट नावाचं जॉर्जियातलं कॉलेज २०१२ मध्ये लागोपाठ दोन शनिवारी ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-० आणि फ्लोरिडा स्टेटकडून ५५-० हरलं, दुसरी मॅच तर पावसामुळे अर्धवट थांबली, आणि दोन्ही मिळून कॉलेजला ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. पोरांना त्यातलं काय मिळालं ते फिजिओला विचारा. शेवटी २०१९ ला ते कॉलेज स्वतःहून डिव्हिजन टूमध्ये खाली गेलं, आणि बरं केलं. २०२५ मध्ये तर पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिसने बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धेत टीम पोचलेली असताना त्याच महिन्यात जाहीर केलं की आम्ही डिव्हिजन वन सोडून थेट थ्रीमध्ये जाणार. खेळाडूंना आता थेट पैसे द्यायचे, मोठ्या कॉलेजांना वर्षाला दोन कोटी डॉलरच्या आसपास, अशा खेळात त्यांनी थांबून करायचं तरी काय होतं.

पण पैशापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती शेजाऱ्यांची गोष्ट. फुटबॉल एकट्याने परवडत नाही, जवळपास आठ-दहा कॉलेजं खेळणारी असतील तर परवडतो, कारण मग बसने जाऊन रात्री घरी परत येता येतं. पश्चिम किनाऱ्यावर काय झालं बघा. २००९ ला वेस्टर्न वॉशिंग्टनने टीम बंद केली. २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट स्टेटने केली. मग डिव्हिजन टूमध्ये अख्ख्या कॅलिफोर्नियात फुटबॉल खेळणारं एकच कॉलेज उरलं, अझुसा पॅसिफिक, म्हणजे जवळ मॅच खेळायला कोणीच नाही, उठसूट विमान. २०२० च्या डिसेंबरात त्यांनीही शटर ओढलं. मग वर उत्तरेकडे उरलेल्या तीन टीम्सना खेळायला लीगच राहिली नाही म्हणून त्या टेक्सासच्या लीगमध्ये पाहुण्या म्हणून गेल्या, त्यात एक कॅनडातली सायमन फ्रेझर, व्हँकुव्हरजवळची, म्हणजे पोरं कॅनडातून टेक्सासला मॅच खेळायला. लीगने पुढे करार वाढवायला नकार दिला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तीही टीम संपली. यात कोणी उधळपट्टी केली नव्हती. आधीच्या माणसाने दुकान बंद केलं की पुढच्याचा खर्च वाढतो, एवढंच. आणि तरी प्रत्येक कॉलेजचे ट्रस्टी आपापल्या खोलीत बसून एकट्याचा निर्णय घेतात.

बरं, परवडत नाही तर बंद का नाही करत? कारण बंद करणंही परवडत नाही. टीम बंद म्हटल्यावर शंभर पोरं एकदम ट्रान्सफरचे फॉर्म काढतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची फी जाते. माजी विद्यार्थी देणग्या थांबवायची धमकी देतात. ट्रस्टींमध्ये दोन-तीन तरी जुने खेळाडू असतातच, त्यांचं रक्त उसळतं. म्हणून निर्णय पुढे ढकलतात, ढकलतात, आणि मग टीमचीच दशा होते. इंडियानातलं अर्लहॅम सलग ५३ मॅचेस हरलं तेव्हा कुठे २०१८ ला टीम थांबवली. लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटलला २०१७ मध्ये पुरेशी धडधाकट पोरं नाहीत म्हणून सीझन मध्येच सोडावा लागला, तरी बंद करायला २०२० उजाडलं. आणि आयोवातलं ग्रिनेल, ज्याच्याकडे अब्जावधींचा निधी आहे, त्यांनाही २०१९ ला तीन मॅचनंतर उरलेला सीझन रद्द करावा लागला, कारण दुखापती आणि मोजकीच उरलेली पोरं. म्हणजे पैसा असूनही पोरं नसली तर खेळ नाही. हे उदाहरण मला "सगळं पैशाचंच आहे" म्हणणाऱ्यांना नेहमी द्यावंसं वाटतं.

वेळेवर सोडणारेही होते. शिकागो युनिव्हर्सिटी एके काळी फुटबॉलची महासत्ता, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात ती हाइझमन ट्रॉफी, पहिलीच, १९३५ ला त्यांच्याच जे बर्वांगरला मिळालेली. १९३९ ला मिशिगनकडून ८५-० हरले आणि सीझन संपल्यावर प्रेसिडेंट हचिन्सनी टीमच बंद करून टाकली. शिव्या खाल्ल्या भरपूर. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ ला, त्याच रिकाम्या स्टेडियमच्या स्टँडखालच्या कोर्टवर एन्रिको फर्मीने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया करून दाखवली. १९६९ ला फुटबॉल परत आला, पण आता लहान प्रमाणात, आज डिव्हिजन थ्रीमध्ये निवांत खेळतात. स्वार्थमोरने २००० ला बंद केला, तिथे मुद्दा पैशाचा कमी आणि जागांचा जास्त होता, पंधराशेच्या आतल्या कॉलेजात इतक्या सीट एका खेळाला कशा द्यायच्या. बोंबाबोंब झाली, पण आज तिथे ॲडमिशन मिळवणं महाकठीण आहे. आणि डॅलसचं पॉल क्विन कॉलेज, कृष्णवर्णीयांचं जुनं कॉलेज, डबघाईला आलेलं, तिथल्या प्रेसिडेंटनी २००७ ला फुटबॉल बंद केला आणि पुढे त्या मैदानावर चक्क भाजीपाल्याची शेती केली, आणि तिथली भाजी डॅलस काउबॉइज या व्यावसायिक टीमच्या स्टेडियमलाही गेली. प्रत्येकाला शेती जमणार नाही हे मान्य. पण जागा, माणसं आणि जिद्द दुसरीकडे वळवता येते हे त्याने दाखवलं.

उलट बाजू पण सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. ओहायोतच स्टार्क काउंटीत अलायन्स नावाच्या लहान गावात माउंट युनियन आहे, डिव्हिजन थ्रीची १३ राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर. कॉलेज लहानच, पण तिथे फुटबॉल चालतो, गाव येतं, पोरं शिकून बाहेर पडतात. आणि त्याच काउंटीत कँटनमध्ये, जिथे १९२० ला एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगची स्थापना झाली, जिथे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम आहे, तिथलं मेलोन कॉलेज २०१९ च्या जानेवारीत फुटबॉल बंद करून मोकळं झालं. हॉल ऑफ फेमच्या गावात! एकाला पिढ्यान्पिढ्यांची घडी बसलेली, दुसऱ्याने नव्वदच्या दशकात सुरू केलेला. नव्याने उतरणाऱ्याला माउंट युनियन बनता येत नाही, त्याला माउंट युनियनकडून मार खाणारी टीम बनता येते. जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी नव्याने फुटबॉल काढलेल्या कॉलेजांचा अभ्यास केला तेव्हा हेच दिसलं की सुरुवातीला ॲडमिशन वाढतात आणि पुढे तो फायदा टिकत नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त जड आहे आणि तो मला खोडता येत नाही. या पोरांतली कित्येक अशी की घरात आधी कोणी कॉलेज बघितलेलं नाही, फुटबॉल नसता तर ती कॉलेजला आलीच नसती, कुठेतरी गोदामात कामाला लागली असती. कोच त्यांना सकाळी सहाला उठवतो, लायब्ररीत बसवतो, नापास झालास तर शनिवारी बाहेर, असा दम देतो. तो दम घरी कोणी देत नाही. आणि लहान कॉलेजांनी या खेळालाही खूप दिलंय. आज एनएफएलपर्यंत जो सतत बॉल फेकत पुढे सरकायचा खेळ दिसतो, एअर रेड म्हणतात तो, त्याची पहिली जुळवाजुळव हाल मम्मी आणि माइक लीच यांनी १९८९ नंतर आयोवा वेस्लियन नावाच्या एका चिमुकल्या कॉलेजात केली होती. १८४२ चं कॉलेज. २०२३ ला बंद पडलं.

पण हा युक्तिवाद करणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, की मग त्या पोराचं पुढे काय झालं ते सांगा. फ्लोरिडातून, टेक्सासमधून उचलून कुठल्यातरी बर्फाळ गावात आणलेला पोरगा, एका वर्षात टीममधून बाहेर, डोक्यावर दहा-बारा हजार डॉलरचं कर्ज आणि हातात अर्धवट क्रेडिट्स, त्यातली दुसऱ्या कॉलेजने अर्धीच मानली. त्याच्या जिवावर कॉलेजने एक वर्षाचं बजेट जुळवलं. जिथे निम्मी पोरं डिग्री घेऊन बाहेर पडतच नाहीत तिथे "फुटबॉलने पोरांना कॉलेज दाखवलं" हे म्हणणं मला जरा निर्लज्जपणाचं वाटतं. आणि हे आता वाढणारच आहे, कारण अमेरिकेत २००७ नंतर जन्म कमी कमी होत गेलेत, म्हणजे अठरा वर्षांची पोरंच कमी येणार, आणि त्याच कमी पोरांच्या मागे जास्त कोच लागणार. एकाने सूट वाढवली की शेजारी वाढवणार. हातात राहणारे १८,००० मग १५,००० होतील, टर्फचं बिल तेवढंच राहील.

म्हणून माझं मत असं की ज्यांच्याकडे आज टीम नाही त्यांनी नवीन काढू नये, पूर्णविराम. ज्यांच्याकडे आहे आणि घडी बसलेली आहे त्यांनी चालवावी, पण रोस्टर सत्तर-पंच्याहत्तरवर आणावं, बसच्या अंतरातली लीग बनवावी, आणि बंद करायची असेल तर शेजाऱ्यांशी बोलून, पोरांना दोन वर्षं आधी सांगून करावी, डिसेंबरमध्ये अचानक ईमेल पाठवून नाही. आणि हिशोब उघडा करावा. तसा कायदा १९९४ पासून आहे, खेळांचा जमाखर्च केंद्र सरकारकडे द्यावा लागतो आणि तो कोणालाही बघता येतो. जाऊन बघा, मजा येते. कितीतरी लहान कॉलेजांच्या फुटबॉलचं उत्पन्न आणि खर्च शेवटच्या डॉलरपर्यंत सारखं असतं. ४,८७,२१३ खर्च तर ४,८७,२१३ उत्पन्न, असल्या थाटाचं. कारण कॉलेजने स्वतःच्या खिशातून घातलेले पैसेही उत्पन्नात धरतात. असला ताळेबंद कुठल्या पतपेढीने दिला असता तर ऑडिटरने फाडून टाकला असता. सूट वजा करून हातात आलेली फी किती, मुलींच्या टीम्सचा जोडखर्च किती, पहिल्या वर्षाला आलेल्यातले चौथ्या वर्षाला किती उरले, या तीन ओळी सक्तीने छापायला लावल्या तरी अर्ध्या ट्रस्टींच्या मीटिंगा वेगळ्या होतील.

आपल्या मराठी घरांतली पोरं फुटबॉलला तशी कमीच जातात. पण टेनिस, स्विमिंग, क्रॉस कंट्रीला जातात, आणि लहान कॉलेजच्या कोचचा ईमेल आला की मंडळाच्या गणपतीत "आमच्या आर्यनला रिक्रूट केलंय" हे ऐकू येतंच. खेळ कुठलाही असो, गणित हेच आहे. कॅम्पस बघायला जाल तेव्हा जिम बघून हुरळून जाऊ नका, कोचला बाजूला घेऊन विचारा की तुम्ही चार वर्षांपूर्वी आणलेल्यातले किती अजून इथे आहेत, आणि आमच्या पोराने खेळ सोडला तर ही स्कॉलरशिप राहते का. दोन्ही उत्तरं त्याला तोंडपाठ असतात, त्याच्या नोकरीचा रिव्ह्यू त्याच आकड्यांवर होतो.